डोंगरांतलें पाणी आणि पावसाळी सहल



रविवार, ता. ३० जून २०२४ रोजीं पुण्याच्या हडपसर भागांतील एक कुटुंब पावसाळी सहलीकरितां लोणावळ्यास गेलें होतें. भुशी धरणाच्या मागील बाजूस डोंगरांतून एक ओढा उतरतो आणि धबधब्याच्या रूपानें धरणाच्या जलाशयास मिळतो. हें कुटुंब त्या प्रवाहांत उतरलें असतां पाणी झपाट्यानें वाढलें. मुलांना कवेंत घेऊन मोठीं माणसें ओढ्याच्या मधोमध एकमेकांस घट्ट धरून उभीं राहिलीं. कांठावर माणसें होतीं, अंतरहि फार नव्हतें. तरी कोणासहि कांहीं करतां आलें नाहीं. थोड्याच वेळांत लोंढ्यानें सर्वांचे पाय उचलले. कांहीं जण वांचले; एक स्त्री व चार लहान मुलें, अशीं पांच माणसें गेलीं. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र मंडळाचे स्वयंसेवक आणि नौदलाच्या आय. एन. एस. शिवाजी या संस्थेचे पाणबुडे यांनीं शोध केला. तो दुसऱ्या दिवशींहि चालू ठेवावा लागला. कांठावरून कोणीं टिपलेली त्या प्रसंगाची चित्रफीत देशभर घरोघरीं पाहिली गेली.

ती पाहून लोकांनीं जे उद्गार काढले ते मुख्यतः दोन प्रकारचे होते. कोणी म्हणालें, "नशिबांत होतें", कोणी म्हणालें, "माणसाला अक्कल नको का?" हे दोन्ही उद्गार काढून मनुष्य मोकळा होतो, आणि पुढच्या रविवारीं आपल्या मुलांना घेऊन तशाच एखाद्या ओढ्यांत उतरतो. तें नशीब दुसऱ्याचें होतें आणि ती अक्कलहि दुसऱ्याची होती, असें त्याला वाटत असतें. वास्तविक त्या कुटुंबानें जें केलें तें पावसाळ्यांतल्या प्रत्येक रविवारीं हजारों लोक करीत असतात. म्हणून दोष देण्याचें काम बाजूस ठेवून, घोट्याएवढें दिसणारें पाणी माणसाला उचलतें कसें, आणि तें येणार हें आधीं कसें ओळखावें, एवढेंच आज आपण समजून घेऊं.

मी हिंजवडीस राहतों. हें गांव मुळशी तालुक्यांत, शहराच्या पश्चिमेच्या वेशीवर आहे. म्हातोबाच्या देवळाचें हें जुनें खेडें गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संगणक-उद्योगाचें मोठें ठाणें बनलें. विदर्भांतून, मराठवाड्यांतून, खानदेशांतून आणि परप्रांतांतूनहि आलेलीं तरुण कुटुंबें आज आमच्या उंच इमारतींत राहतात. आठवडाभर तीं बिचारीं काम आणि रहदारी यांत पिळून निघतात. शनिवारीं सायंकाळीं खालच्या बाकावर मी बसलेला दिसलों कीं कोणीतरी विचारतेंच, "गुरुजी, उद्यां मुलांना घेऊन पाण्यावर कोठें जावें?" त्यांचें विचारणें मला स्वाभाविक वाटतें. लोणावळा दीड-दोन तासांवर, ताम्हिणी घाटहि त्याच टप्प्यांत. ज्यांच्या गांवची नदी सपाट प्रदेशांतून वाहते, तिचा पूर चढतांना तासच्या तास दिसत असतो. सह्याद्रीच्या ओढ्याचा स्वभाव तसा नाहीं, हें त्यांना ठाऊक असण्याचें कारणच नाहीं.

पहिली गोष्ट पावसाची. पुणें शहरांत वर्षाकांठीं सुमारें सातशें मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्यास तोच चार हजार मिलिमीटरांच्या घरांत जातो. अरबी समुद्रावरून येणारे ओलसर वारे सह्याद्रीच्या भिंतीवर आदळून वर चढतात, वर चढतांना थंड होतात आणि आपला बहुतेक भार घाटमाथ्यावरच टाकतात. डोंगर ओलांडून पूर्वेकडे उतरणारी हवा कोरडी होत जाते. यामुळें हिंजवडीस खिडकींतून भुरभूर दिसत असतां लोणावळ्यास मुसळधार कोसळत असूं शकतो. इतकेंच काय, लोणावळ्याच्या बाजारांत उघडीप असतां वरच्या कड्यावर ढग फुटल्यासारखा पाऊस पडत असतो. आपल्या डोक्यावरचा पाऊस पाहून ओढ्याच्या पाण्याचा अंदाज बांधणें म्हणजे दुसऱ्याच्या घरची चूल आपल्या घरच्या धुरावरून ओळखण्यासारखें आहे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. समजा, एका ओढ्याला वरच्या एक चौरस किलोमीटर डोंगराचें पाणी मिळतें. इतकें क्षेत्र घाटांत अगदीं लहान समजलें जातें. त्यावर तासाभरांत ५० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दोन इंच पाऊस पडला. हें पाणी झालें ५०,००० घनमीटर, म्हणजेच पांच कोटि लिटर. आपल्या वसाहतींत उन्हाळ्यांत येणारा पाण्याचा टँकर दहा हजार लिटरांचा धरला, तर असे पांच हजार टँकर एका तासांत रिते झाले! यांतलें निम्में पाणी झाडोऱ्यांत व मातींत अडकलें असें मानलें, तरी उरलेलें सेकंदास सुमारें सात हजार लिटर या वेगानें खालीं येतें. आणि येतें तें सर्व एकाच अरुंद वाटेनें, जेथें आपण चटई अंथरून बसलेले असतों.

पावसाळ्याच्या आरंभीं कोरडी जमीन बरेंच पाणी पिते. जूनच्या अखेरीस ती तृप्त झालेली असते. घाटांत मातीचा थर पातळ आणि त्याखालीं काळा कठीण पाषाण. तेव्हां पुढें पडणारा जवळजवळ प्रत्येक थेंब उतारावरून धांवूं लागतो. उभ्या चढाच्या लहान पाणलोटांत माथ्यावर पडलेलें पाणी दहा ते तीस मिनिटांत पायथ्याशीं पोंचतें. "पाणी अचानक आलें" असें आपण वर्तमानपत्रांत वाचतों. पाहणाऱ्याच्या दृष्टीनें तें खरेंहि असतें. परंतु ज्या वेळीं खालीं मुलें खेळत असतात आणि कोणी छायाचित्रें काढीत असतो, त्या वेळीं तें पाणी वाटेंत असतें. त्याचें येणें ठरून गेलेलें असतें. फक्त तें आपल्याला दिसत नसतें.

आतां तिसरी गोष्ट, पाण्याच्या धक्क्याची. वाहत्या पाण्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, हा नियम आपण शाळेंत शिकलों असूं. त्याचा अर्थ अंगावर घेऊन पाहिल्याखेरीज कळत नाहीं. गुडघ्याएवढ्या पाण्यांत एक प्रौढ मनुष्य उभा आहे असें धरा. पाणी सेकंदास एक मीटर, म्हणजे आपण रमतगमत चालतों त्या वेगानें वाहत असेल, तर त्याच्या पायांवर अदमासें सात-आठ किलोग्रॅम वजनाएवढा रेटा बसतो. तो सहन होतो. किंबहुना त्यांतच मौज वाटते. वेग दुप्पट झाला कीं रेटा चौपट, म्हणजे तीस किलोग्रॅम होतो. तिप्पट झाला कीं नऊपट. साठ-सत्तर किलोग्रॅम वजनाचा मनुष्य आडवा येऊन धडकावा तसा. आणि ओढा चढतो तेव्हां केवळ वेगच वाढत नाहीं, खोलीहि वाढते. खोली दुप्पट व वेग दुप्पट झाला, म्हणजे पाण्याचा जोर आठपट होतो. पांच मिनिटांपूर्वीं ज्या जागीं आपण आरामांत उभे होतों, तीच जागा, तोच खडक, तेच आपण. परंतु बळाचें गणित पार बदलून गेलेलें असतें.

इकडे जोर वाढतो, आणि तिकडे आपला आधार कमी होतो. पाय जमिनीवर टिकतो तो शरीराच्या भारामुळें आणि घर्षणामुळें. पाणी कमरेपर्यंत आलें कीं तें शरीराचा बराचसा भार स्वतःच उचलूं लागतें. पाण्याखालच्या खडकावर शेवाळ साचलेलें असतें, त्यामुळें घर्षण नांवालाच उरतें. पायांत रबरी चपला असल्या तर तेंहि उरत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील पूरतज्ज्ञ यासाठीं एक सोपें कोष्टक वापरतात. पाण्याची मीटरांतील खोली आणि दर सेकंदास मीटरांतील वेग यांचा गुणाकार करावयाचा. तो लहान मुलांच्या बाबतींत ०.४ च्या वर, आणि प्रौढांच्या बाबतींत ०.६ च्या वर गेला, कीं उभें राहणें धोक्याचें समजावयाचें. म्हणजे केवळ एक वीत खोल पाणी हलकें धांवणाऱ्या माणसाच्या वेगानें येत असेल, तर मुलाच्या दृष्टीनें मर्यादा गांठली गेली! आणि हा हिशेब निसरड्या नसलेल्या जमिनीचा आहे. शेवाळलेल्या कातळावर तो आणखी खालीं येतो. सहा वर्षांचें मूल आईच्या घोट्याएवढ्या पाण्यांत बसलेलें असतें तेव्हां तें त्याच्या कमरेपर्यंत असतें, ही साधी गोष्ट आपण विसरतों.

त्या चित्रफितींत सर्वांच्या मनाला लागलें तें त्या कुटुंबानें एकमेकांस मारलेली मिठी. त्याहून वेगळें ते काय करणार होते? लेकरूं छातीशीं धरल्यावर हात सोडण्याची कल्पनाहि कोणा आईबापाच्या मनांत येणार नाहीं. पण पाण्याच्या दृष्टीनें पाहिलें तर आडव्या उभ्या राहिलेल्या जथ्यावर रेटाहि तितकाच रुंद बसतो. कडेवर मूल असलें कीं तोल वर सरकतो. आणि एकाचा पाय निसटला कीं त्याचा ओढा साऱ्यांना लागतो. बचावाचें शिक्षण घेतलेले लोक प्रवाह ओलांडतांना सर्वांत बळकट माणसाला वरच्या अंगास ठेवून एकामागें एक उभे राहतात. परंतु हें सरावानें येणारें कौशल्य आहे. घाबऱ्या घाबऱ्या मुलांना घेऊन मध्यभागीं सांपडल्यावर सुचणारें नव्हे. प्रवाहाच्या मधोमध पोंचल्यावर उरलेले सर्व मार्ग थोडेबहुत वाईटच असतात. चांगला मार्ग त्यापूर्वीं, कांठावर असतांना उपलब्ध होता.

"आम्हांला पोहतां येतें," असें पुष्कळ तरुण सांगतात. संथ तळ्यांतलें पोहणें आणि ओढ्याचा लोंढा यांचा संबंध फार थोडा. लोंढ्यांत माणूस पोहत नाहीं, आपटत जातो. धबधब्याच्या पायथ्याशीं पाण्यांत हवेचे बुडबुडे मिसळलेले असतात. असें फेसाळ पाणी शरीराला नेहमींसारखें वर उचलून धरीत नाहीं. वरून पाण्याबरोबर दगडहि येतात. शिवाय आपल्या काळ्या कातळांत वाहत्या पाण्यानें व गोट्यांनीं रांजणखळगे कोरलेले असतात. निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रांतील असे खळगे सुप्रसिद्ध आहेत. गढूळ पाण्याखालीं गुडघाभर तळ कोठें संपतो आणि पुरुषभर खळगा कोठें सुरू होतो, हें कांठावरून कोणासहि सांगतां येणार नाहीं.

मग इतके लोक जातात आणि सुखरूप परततात, तें कसें? परततात, हें खरें आहे. आणि आपली फसगत येथेंच होते. दहा वेळां गेलों, कांहीं झालें नाहीं, म्हणून अकराव्यांदा होणार नाहीं, असें मन सांगतें. त्या दहा वेळीं वरच्या डोंगरावर त्या ठराविक अर्ध्या तासांत मोठा पाऊस पडला नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. दुसरें कारण गर्दीचें. एकटा मनुष्य अनोळखी पाण्यापाशीं बिचकतो. तेथें शंभर माणसें हसत-खिदळत दिसलीं कीं ती जागा तपासून पाहिलेली असावी असें तो गृहीत धरतो. ते शंभरहि एकमेकांकडे पाहूनच उतरलेले असतात.

गर्दीवरचा हा विश्वास किती पोकळ असतो, याचें दुसरें उदाहरण आमच्या आणखी जवळचें आहे. रविवार, ता. १५ जून २०२५ रोजीं तळेगांवजवळ कुंडमळा येथें इंद्रायणी नदीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भारानें कोसळला. चार जण मृत्यु पावले व पन्नासच्या आसपास जखमी झाले. पूल धोकादायक असल्याची सूचना तेथें लावलेली होती. परंतु ज्या फलकाजवळून माणसें दिवसभर ये-जा करतात, त्या फलकावरचीं अक्षरें हळूहळू कोणाला दिसेनाशीं होतात. असा पूल वेळींच वापरांतून काढावा, धोक्याच्या वाटेवर पावसाळ्यांत माणूस उभा करावा, ही प्रशासनाची जबाबदारी आहे, आणि ती आपण मागितली पाहिजे. भुशीच्या दुर्घटनेनंतर जिल्हाधिकाऱ्यांनीं पर्यटनस्थळीं पाण्यांत उतरण्यास मनाईचे हुकूम काढले. हुकूम आवश्यकच आहेत. परंतु घाटांत ओढे शेंकडों, आणि प्रत्येक ओढ्यावर पोलीस उभा राहणार नाहीं. तेथें कुटुंबालाच आपला पोलीस व्हावें लागतें.

तें कसें व्हावें, हें थोडक्यांत सांगतों. निघण्यापूर्वीं हवामानखात्याचा अंदाज पाहावा, आणि तो शहराचा न पाहतां घाटमाथ्याचा पाहावा. दोन्ही अंदाज स्वतंत्रपणें दिले जातात. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर बेत पुढें ढकलावा. मुक्कामीं पोंचल्यावर प्रवाहाच्या पात्रांत बसूं नये. कांठावर, पुराच्या जुन्या खुणांच्याहि वर बसावें. ज्या कांठावर परतीची वाट आहे तोच कांठ धरावा. ओढा ओलांडून पलीकडे जाणारीं माणसें पाणी चढल्यावर तिकडेच अडकतात, आणि परत येण्याच्या घाईंत जीव गमावतात. पोंचतांक्षणींच पाण्याच्या कडेचा एक दगड खूण म्हणून धरून ठेवावा आणि दर थोड्या वेळानें त्याकडे पाहावें. पाणी त्या दगडावर चार बोटें चढलें, स्वच्छ पाणी तांबूस झालें, पानें-काटक्या वाहत येऊं लागल्या, किंवा पाण्याचा आवाज बदलून घुमूं लागला, तर वरचें पाणी निघालें असें समजावें. सामान, डबे, चपला, सर्व तेथेंच टाकून मुलांसह वर चढावें. अशा वेळीं आवराआवर करण्यांत गेलेलीं दोन मिनिटें परत मिळत नाहींत.

आणि एवढ्यावरहि दुर्दैवानें कोणी वाहूं लागलाच, तर त्यानें उभें राहण्याचा प्रयत्न करूं नये. पाय दगडांच्या कपारींत अडकतो आणि पाणी वरून दाबतें. उताणें होऊन, पाय पुढें ठेवून, कांठाकडे सरकत जावें. कांठावरच्यांनीं मागोमाग उडी घालूं नये. दोर, ओढणी, लांब काठी, जें हातीं येईल तें फेकावें, आणि दोर कोणाच्या कमरेस बांधूं नये. ११२ या क्रमांकावर ताबडतोब कळवावें. त्या भागांतील गांवकरी आणि गिर्यारोहक स्वयंसेवक पाणी ओळखतात, त्यांचें ऐकावें.

हें सर्व ठाऊक असूनहि माणसें थांबत कां नाहींत, याचा मीं पुष्कळ विचार केला. मला वाटतें, अडचण ज्ञानाची कमी आणि भिडेची अधिक असते. पाहुणे आलेले असतात, गाडी भाड्यानें घेतलेली असते, पहांटे उठून घरांतल्या स्त्रियांनीं डबे भरलेले असतात, मुलें आठवडाभर दिवस मोजत असतात. अशा वेळीं "मला हें पाणी बरें दिसत नाहीं, आपण परत फिरूं या," असें म्हणणारा मनुष्य रंगाचा बेरंग करणारा ठरतो. आजी म्हणाली तर "तिला सगळ्याचीच भीति," सून म्हणाली तर "हिची नेहमींचीच कुरकुर," आणि लहान मुलगा म्हणाला तर "भित्रा कोठला!" असें म्हणून तो शब्द हंसण्यावारीं नेला जातो. बहुतेक प्रत्येक सहलींत कोणाला ना कोणाला ती शंका आलेली असते. ती कोणी बोलून दाखवीत नाहीं, किंवा बोलल्यास ऐकली जात नाहीं.

म्हणून माझी आपणां सर्वांस एक सूचना आहे. सहलीस निघतांना, घराचें कुलूप लावण्यापूर्वींच, एक करार करावा: आपल्यांपैकीं कोणीहि, मग तें सर्वांत लहान मूल कां असेना, "परत फिरूं या" म्हणालें, तर कारण न विचारतां, चेष्टा न करतां सर्वांनीं पाण्यापासून दूर व्हावें. वाद घालावयाचा तो वर, रस्त्यावर आल्यावर घालावा. या करारानें कदाचित् चार सहली विनाकारण अर्ध्यावर सुटतील. त्याची भरपाई घाटांतल्या एखाद्या टपरीवर गरम भजीं व भाजलेलें कणीस यांवर सहज होईल. आणि धबधबा दुरून, कांठावरून पाहिला तरी त्याचें सौंदर्य तसूभरहि उणें होत नाहीं.

येता रविवार पावसाचा आहे. आपण कोठें जाणार असाल, तर हा करार आज जेवतांना मुलांसमक्ष करावा, इतकी विनंति करून मी आपली रजा घेतों.